माझ्या मोरीचं पाणी सुरतला जातं

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. आमच्याकडे खान्देशात कानबाई ही देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर देवीचा पाट घेऊन विसर्जनाला वाजतगाजत पांझरा नदीवर. त्या साली पावसाने चांगलीच ओढ दिली होती, पुराचं सोडाच पण नदीला साधं वाहतं पाणीसुद्धा नव्हतं. आम्ही खाली उतरलो, सासूबाई सगळ्यात पुढे, अनवाणी, आणि पाण्यापाशी जाऊन थांबल्याच. पाणी काळं, वर पांढरा फेस, काठाला हिरवा चिखल आणि त्यात रुतलेल्या शाम्पूच्या पुड्या, एक डायपर फुगून दगडाला अडकलेलं. वास असा की बायांनी पदर नाकाला लावला. मागे बँड वाजतोय, पोरं नाचतायत, आणि सासूबाई पाट धरून तशाच उभ्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "या पानीमा कानबाईले कशी बुडाऊ वं माय?"

मी काय उत्तर देणार. शेवटी एका बाईने जवळच्या घरून कळशीभर पाणी आणलं, ते नारळावर ओतून आम्ही विसर्जन झालं असं मानलं. येताना आमच्याकडे नदीची वाळू पाटावर घालून घरी आणतात, ती सासूबाईंनी घेतली, पण कळशीत उरलेल्या पाण्याने आधी दोनदा धुतली. नदीची वाळू धुवून घरी न्यायची वेळ आली, हे मला फार लागलं.

त्याच रात्री मी भांडी घासत होते. पाहुणे होते त्यामुळे शेवभाजीचं मोठं पातेलं, आणि तुम्हाला माहितीय आपल्याकडची शेवभाजी म्हणजे वर बोटभर तर्री. पातेलं सिंकमध्ये तिरकं केलं, लाल तेल भळाभळा जाळीतून खाली गेलं, वरून पावडरचं पाणी सोडलं, फेस झाला, गेला. आणि माझा हात तिथेच थांबला, कारण सकाळी जो फेस बघून आलो तो दुसरा कुठला होता? आमच्या गल्लीची गटार पुढच्या नाल्याला मिळते, नाला नदीत उतरतो, अगदी आम्ही कानबाई घेऊन उभे होतो त्याच्या थोडंसं वरच्या अंगाला. सासूबाईंनी ज्या पाण्यात देवीला बुडवायला नकार दिला ते पाणी आमच्याच घरातून गेलेलं होतं, त्यातलं थोडं तरी.

आता आपल्याकडच्या नद्यांचं एक समजून घ्या, कारण पुण्या-कोकणातल्या लोकांना हे पटकन लक्षात येत नाही. पांझरा, बोरी, तितूर, कान, बुराई, या काही बारमाही नद्या नाहीत. पावसाळ्यात चार महिने काय ते पाणी, दिवाळीनंतर धार बारीक होते, होळीपर्यंत नुसती डबकी राहतात. उन्हाळ्यात अक्कलपाडा धरणातून आवर्तन सोडलं तर तेवढे दिवस पाणी, नाहीतर रखरखीत वाळू. आणि तरी मे महिन्यात पुलावरून खाली बघितलं तर वाळूतून एक काळी धार जाताना दिसतेच. ते पाणी कुठून येतं? डोंगरातून नाही, पावसाचं नाही, ते आपल्या मोऱ्यांचं, संडासांचं, वॉशिंग मशीनचं पाणी आहे. मोठ्या भरलेल्या नदीत घाण गेली तर ती निदान पातळ तरी होते, आमच्याकडे पातळ करायला पाणीच नाही. होळीनंतर नदीत बहुतेक आपण जे सोडू तेवढंच वाहतं. म्हणून मला वाटतं खान्देशात घरातल्या सवयींचं महत्त्व दुसरीकडच्यापेक्षा जास्त आहे, कमी नाही.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्याच काठी, म्हणजे माहेरची नदी आणि सासरची नदी एकच. तिथे अजून फड बागायत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कुणाला कधी ते पाटकरी ठरवणार. शेकडो वर्षांची पद्धत आहे ही, सरकारने बसवलेली नाही, गावांनी स्वतः चालवलेली. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये नवीन इंजिनिअर म्हणून खान्देशात आले तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक इकडचंच, दातर्तीजवळ पांझरेच्या पाण्यासाठी सायफन, म्हणजे पाणी पलीकडे नेणारा नळ, बांधायचं.

तर लहानपणी आम्ही पाटावर कपडे धुवायला जायचो, आणि वडिलांचा दंडक होता की साबणाचं पाणी पाटात सांडायचं नाही, बाजूच्या दगडावर धुवायचं, पाणी बांधाच्या गवतात जाऊ द्यायचं. एकदा माझ्या लहान बहिणीने सोड्याची आख्खी पुडी पाटात पाडली. वडिलांनी तिला मारलं नाही, फक्त हात धरून पाटाच्या कडेने खालच्या शेतापर्यंत चालवत घेऊन गेले, तिथे एक म्हातारे बाबा ओंजळीने पाणी पीत होते, ते दाखवलं आणि म्हणाले, "खालना मानूसले हाईच पानी जास." बस, एवढंच. ती पुढे कधी पाटाजवळ साबण घेऊन गेली नाही, मीपण नाही.

तीच बहीण आज सुरतला असते, उधन्याला. आमच्या गावची कितीतरी घरं तिकडेच आहेत, उधना, लिंबायत, पांडेसरा, अहिराणी ऐकायची तर सुरतमध्ये जा म्हणतात ते खोटं नाही. आणि एक दिवस नकाशा बघताना माझ्या डोक्यात आलं की खालचा माणूस आता कोण आहे? पांझरा धुळ्यातून पुढे शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तापीत मिळते, तिथे कपिलेश्वराचं मंदिर आहे, संगमावर. तापी तिकडे मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर जाते, आपल्या सारंगखेड्यावरून, प्रकाशावरून, मग उकाई धरण, मग काकरापार, आणि मग सुरत. सुरत शहर पितं ते तापीचंच पाणी. म्हणजे माझ्या मोरीतून निघालेलं पाणी वाटेत किती का थांबेना, गाळात मुरेना, उकाईच्या एवढ्या मोठ्या पाण्यात मिसळेना, तिकडचं शुद्धीकरण होईना, पण दिशा त्याची माझ्या बहिणीच्या नळाकडेच आहे.

हे एकदा डोक्यात बसलं ना, की सिंकपाशी उभं राहायची पद्धतच बदलते.

मी सुरुवात तेलापासून केली, कारण आपल्या खान्देशी स्वयंपाकात तेलाचा हात सढळ, ते कुणी नाकारू नये. तेल पाण्यात विरघळत नाही. पाइपच्या आतून त्याचा थर बसतो, थंडीत तर घट्ट होतो, त्याला पीठ, भात, केस चिकटत जातात आणि एक दिवस चेंबर तुंबतं. जे पुढे जातं ते पाण्यावर पातळ पापुद्रा धरतं, मग वरची हवा पाण्यात नीट उतरत नाही. आणि तेवढ्यावर भागत नाही. तेल असो, दूध असो, वरण असो, ते कुजवायचं काम पाण्यातले जिवाणू करतात आणि त्यासाठी ते पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. किती ऑक्सिजन खाल्ला जाईल त्याचं माप म्हणजे बीओडी, पेपरात हा शब्द येतो बघा नदीच्या बातमीत. आंघोळीला चालेल अशा नदीच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

आता यावरून मी एक हिशोब केला तो तुम्ही पण करून बघा. साध्या दुधाचा बीओडी लिटरला साधारण १ लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो. म्हणजे उन्हाळ्यात नासलेलं एक लिटर दूध मी सिंकमध्ये ओतलं तर ते ३ वर यायला तेहतीस हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल. दहा हजार लिटरचे तीन टँकर आणि वर थोडं. एका पिशवीसाठी! मी तो कागद फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. आमच्या घरी उन्हाळ्यात दूध नासणं काही नवीन नाही, लाइट गेली की झालंच, आधी मी सरळ ओतून द्यायचे. आता फाडून पनीर करते, पाणी कणकेत, आणि अगदीच वास येत असेल तर परसात खड्ड्यात ओतून वर माती लोटते, तिथे मातीतले जिवाणू निवांत त्याचा निकाल लावतात, नदीतला ऑक्सिजन खात नाहीत.

आणि आपल्या उन्हाची गोष्ट वेगळीच. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम मावत असेल तर ३५ डिग्रीला ७ च्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४४-४५ ला जाते, त्यात गुडघाभर डबकं, त्यात आपली तर्री, त्या डबक्यातल्या माशांनी काय करायचं? उन्हाळ्यात डबक्यावर पांढरे पोट वर करून तरंगणारे मासे आपण सगळ्यांनीच पाहिलेत, आणि दरवेळी कुणीतरी विष टाकलं असं म्हणतो. कधी टाकलं पण असेल. पण कितीदा तरी ते बिचारे नुसते गुदमरलेले असतात.

तर तेलाचं मी काय करते. पातेलं, कढई, तवा, ताटं, आधी कागदाने पुसायची, मगच सिंकमध्ये. जुने पेपर चौकोनी फाडून खिळ्याला टोचून ठेवलेत, जसे पूर्वी किराणावाले ठेवायचे. पुसल्यावर भांड्याला पावडर अर्धी लागते आणि पाणी पण निम्मं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तळणाचं तेल उरलं तर गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवायचं, पुन्हा पुन्हा तळायचं नाही, ते तब्येतीलाच वाईट. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ पासून नियम केलाय की तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे पोलर घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, आणि अशा तेलापासून बायोडिझेल करायची योजना पण त्याच वर्षी आणली, पण ते मुख्यत्वे हॉटेलं, फरसाणवाले यांच्यासाठी. घरचं एवढंसं काळं तेल मी भुशात नाहीतर फाटक्या कापडात जिरवून पिशवीत बांधून घंटागाडीत देते. ते आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पण नदीत जाण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

सासूबाईंनी या सगळ्यात मला ज्या पद्धतीने साथ दिली ते सांगितलंच पाहिजे. मला वाटलं होतं त्या म्हणतील हे काय नवीन खूळ. झालं उलटंच. आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचा नियम फार कडक, रोट टाकायचे नाहीत, आणि रोट खाल्लेल्या ताटाचं, हाताचं धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत जाऊ द्यायचं नाही, अंगणात खड्डा करून त्यात ओतायचं. मी तेलाचं बोलले तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, मग रोटांचं करतो तसंच रोज करायचं ना, खड्डा तर आहेच. माझ्या एवढ्या वाचनाने जे मला सुचलं नाही ते त्यांना एका वाक्यात सुचलं. आता तो खड्डा आमचा कायमचा झालाय, निर्माल्य, उरलेलं वरण, ताकाची भांडी धुतलेलं पाणी, सगळं तिथे. त्यावर पपई लावलीय आणि ती काय वाढलीय म्हणून सांगू.

साबण-पावडरचं जरा सविस्तर सांगते कारण इथे आपण सगळेच चुकतो. पाकिटावर चमचा लिहिलेला असतो तरी आपण मूठभर टाकतो, फेस आला नाही की कपडे धुतल्यासारखं वाटतच नाही. आपल्या बोअरचं पाणी जड, त्याला फेस कमी येतो, म्हणून अजून टाकतो. पण फेसाचा आणि स्वच्छतेचा तसा संबंध नाही. बऱ्याच पावडरींमध्ये फॉस्फेट असतं, आणि फॉस्फेट म्हणजे खतच की. शेतात डीएपी टाकतो ते कशासाठी? तेच खत नदीत गेलं तर पीक कशाचं येणार, शेवाळाचं आणि जलपर्णीचं. जलपर्णीला असं खत मिळालं की ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, पाणी झाकून टाकते, खाली उजेड नाही, ऑक्सिजन नाही, वर डासांचं राज्य. मी आता फॉस्फेट नसलेली पावडर बघून घेते आणि मोजून टाकते, आधीच्या निम्मी, आणि कपडे तसेच निघतात, कॉलर तेवढी हाताने घासावी लागते. मशीनचं शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत धरते, ते संडासात टाकायला.

आणि पाणी कमी वापरणं म्हणजे नुसती पाण्याची बचत नव्हे, हे पण मला उशिरा कळलं. इंजिनिअर लोक हिशोब धरतात की घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आम्ही घरात पाच माणसं, माणशी १०० लिटर धरलं तर रोज ५०० लिटर आत, ४०० लिटर गटारीत. आमच्याकडे नळ रोज येत नाही त्यामुळे आपण पाणी जपूनच वापरतो असा माझा समज होता, पण ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी शिळं म्हणून जुनं पाणी मोरीत ओतणारी पण मीच. पाणी शिळं होत नाही हो. झाकून ठेवलेलं पाणी कपड्याला, झाडाला, फरशीला चालतं.

लोक मला म्हणतात, आणि माझ्या घरातलेच म्हणतात, की अगं कारखाने घाण सोडतात, शहरंच्या शहरं सोडतात, तुझ्या चमचाभर तेलाने काय होणार. कारखान्यांचं खरंच आहे, ज्याने सोडलं त्याला पकडलंच पाहिजे. पण देशातल्या नद्या खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण शहरांचं घरगुती सांडपाणी आहे, हे केंद्रीय मंडळ स्वतः सांगतं. त्यांच्या २०२०-२१ च्या आकड्यांनुसार भारतातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं आणि त्यातलं २०,२३६ दशलक्ष लिटरच प्रत्यक्ष शुद्ध होतं. शंभरातलं अठ्ठावीस. उरलेलं बहात्तर कुठे जातं ते पुलावरून दिसतंच. त्याच मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त, आणि त्या ५३ मध्ये आपली तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे, बोरी, वाघूर, तितूर, कान, गोमाई, रंगावली सगळ्या आहेत. ती यादी वाचताना मला आपल्याच नातेवाइकांची नावं वाचल्यासारखं झालं.

सांडपाणी शुद्ध करायचे प्रकल्प झालेच पाहिजेत, त्यासाठी भांडलंच पाहिजे, मी पण अर्जावर सही करते, सभेला जाते. पण प्रकल्प होईपर्यंत माझं ४०० लिटर पाणी रोज जाणारच आहे ना? ते कसं जाऊ द्यायचं ते माझ्या हातात आहे. आणि प्रकल्प झाल्यावरसुद्धा, चेंबर तेलाने तुंबलं की तेच पाणी रस्त्यावरून परत नाल्यात.

संडासाच्या टाकीबद्दल बोलायला लोकांना लाज वाटते, पण बोललं पाहिजे. आपल्याकडे किती घरांना सेप्टिक टँक आहे आणि किती जणांनी तो बांधल्यापासून एकदाही उपसला नाही? आमचा अकरा वर्षं उपसला नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढायचा असतो, नाहीतर टाकी गाळाने भरते आणि आलेली घाण तशीच्या तशी पुढे गटारीत जाते, टाकी असून नसल्यासारखी. आम्ही टँकर बोलावला, काम झालं, पैसे दिले, आणि मी सहज विचारलं दादा आता हे कुठे टाकणार. तो काही बोलेना. मग म्हणाला, ताई, सगळे टाकतात तिकडेच, नाल्याला. मला एवढी लाज वाटली, म्हणजे आपण पैसे देऊन आपली घाण नदीत पोहोचती केली. पुढच्या वेळी आधी विचारलं, कुठे रिकामा करणार ते कबूल करून घेतलं, थोडे जास्त पैसे लागले, आणि भाचा मोटारसायकलवर मागे गेला बघायला. हे सगळ्यांना जमेल असं नाही, पण विचारा तरी. गिऱ्हाईकच विचारत नाही म्हटल्यावर तो कशाला सांगेल. आणि टाकीत रोज अ‍ॅसिड, कडक क्लीनर ओतू नका, आतले घाण कुजवणारे जिवाणूच मरतात त्याने.

औषधांचं थोडक्यात. सासरे गेले तेव्हा त्यांच्या गोळ्यांचा एक मोठा डबा उरला होता, शुगरच्या, बीपीच्या, अर्धवट अँटिबायोटिक. मी त्या फ्लश करणार होते, वाटलं कुणा लहान पोराच्या हाताला लागायला नको. पण गोळ्या पाण्यात जातात आणि सांडपाण्याच्या साध्या शुद्धीकरणात त्या पूर्ण निघत नाहीत, अँटिबायोटिक नदीत गेलं की तिथले जंतू त्याला सरावतात. २०१६ च्या घनकचरा नियमांत जुनी औषधं, रंगाचे डबे, बॅटऱ्या यांना घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं ठेवायला सांगितलं होतं. तर वेगळी पिशवी, वर ठळक लिहून, घंटागाडीवाल्या दादांच्या हातात. पॅड आणि डायपरचं पण तसंच, कागदात गुंडाळून, लाल खूण करून. तो दगडाला अडकलेला डायपर मी विसरू शकत नाही.

गावाकडे ज्यांच्याकडे गटारच नाही त्यांना तर माझ्यापेक्षा सोपं आहे. शोषखड्डा. मोरीचं पाणी खड्ड्यात, खाली मोठे दगड, वर खडी, मधे भोकं पाडलेली टाकी नाहीतर माठ, आधी जाळी लावून कचरा अडवायचा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर असे खड्डे करून गावातली गटारंच बंद केली आणि डास गेले, ते बघायला लोक लांबून जातात. माझ्या भावाने केला माहेरी, पण पहिला खड्डा दोन महिन्यांत तुंबला, कारण काळी जमीन, पाणी मुरतच नाही. मग खाली मुरूम लागेपर्यंत खणला आणि आता तीन पावसाळे झाले, चालू आहे. विहीर-बोअरपासून लांब घ्या मात्र. आणि जागा असेल तर खड्ड्याच्या तोंडाशी कर्दळ आणि अळू लावा, दोघांनाही असलं पाणी आवडतं.

गणपती आम्ही शाडूचा आणतो, घरीच टबात, माती कुंडीत. ते आता बरेच जण करतात म्हणून जास्त लिहीत नाही. फक्त अंगण झाडून कचरा गटारीत लोटायची सवय मात्र अजून गल्लीत सगळ्यांना आहे. जूनच्या पहिल्या पावसात गटारीत साठलेलं वर्षभराचं सगळं एकदम नदीत जातं, आणि मग पुलाच्या मोऱ्या तुंबल्या म्हणून पाणी घरात शिरलं की आपण आभाळाला बोल लावतो.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण सुरतहून आली होती, माहेर करून दोन दिवस माझ्याकडे. पुरणपोळी, आमरस, कुरडया-पापड तळले, पोरांनी पंगत उठवली आणि दोघी बहिणी मागचं आवरत होतो. बोलता बोलता तिने कढई उचलली, सिंकवर तिरकी केली, मी ओरडलेच, "थांब! ते तुन्हाच घर येस!" ती बघतच राहिली. मग मी तिला मुडावदपासून उकाईपर्यंत सगळं सांगितलं, आणि पाटात पडलेल्या सोड्याच्या पुडीची आठवण करून दिली. ती काही बोलली नाही. कढई खाली ठेवली, खिळ्यावरचे दोन कागद ओढले आणि पुसायला लागली, बरीच वेळ, कडा-कोपऱ्यांतून, आणि मग विचारलं, "रोज किती कागद लागतात तुला?"